एका लग्नाला गाडी फुकट

१८ जानेवारी १९९६, गुरुवार

आज पुन्हा गाडी परतूरला गेली नाही. लग्नाला गेली! अमरचंद शेठच्या पुतण्याचं वऱ्हाड घेऊन मी सेलूला, आणि इकडं कॉलेजची पोरं, दवाखान्याची माणसं, बाजाराच्या बाया साडेसातला पारापाशी उभी. त्यांच्यासमोरून गाडी काढली. टपावर बँडवाले, पुढच्या काचेला झेंडूची माळ. एका म्हातारीनं हात केला. तिला वाटलं रोजची गाडी. थांबवता आली नाही.

संताप येतो, पण कुणाला बोलायची सोय नाही. कारण ही अक्कल माझीच!

दोन वर्षांपूर्वी मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं. एसटी वाटूरवरून जाते, आणि वाटूर आम्हाला बारा किलोमीटर. काकासाहेब म्हणाले, गावाची स्वतःची गाडी घेऊ. एका साखर कारखान्याची जुनी बस मिळते आहे. वर्गणी म्हटल्याबरोबर सगळे जमिनीकडं बघायला लागले. तेव्हा मी उठलो. नुकताच एसटीतून रिटायर झालेला, एकतीस वर्षांचा ड्रायव्हर — फार शहाणा! म्हणालो, 'जे घर वर्गणी देईल, त्या घरच्या एका लग्नाला गाडी फुकट.' टाळ्या पडल्या. अर्ध्या तासात चौऱ्याण्णव घरं तयार झाली.

चौऱ्याण्णव घरं म्हणजे चौऱ्याण्णव लग्नं. आणि लग्नाच्या तिथी सगळ्यांना त्याच. हे त्या दिवशी पारावर एकाच्याही डोक्यात आलं नाही. पंचांग समोर होतं, गुरव शेजारी बसला होता, तरी नाही. पहिल्या वर्षी खपून गेलं. यंदा संक्रांत सरली आणि सगळ्या गावाला एकदम जाग आली.

२१ जानेवारी, रविवार

आजही वऱ्हाड. लोणीकडं. करवल्यांनी गिअरच्या दांड्याला हळद लावली. नवऱ्याच्या आत्याला पुढची सीट पाहिजे, चुलत्यालाही तीच पाहिजे. अर्धा तास त्यात गेला. परत येताना आहेर म्हणून टोपी-टॉवेल.

उषाबाई म्हणाली, 'अव्हो, टॉवेलाचं गाठोडं झालं. दुकान टाका आता, गाडी सोडून.' बायको असून अशी बोलते! वर हसते.

२५ जानेवारी, गुरुवार

परतूर स्टँडामागं लिंबाखाली गाडी लावून लिहितो आहे. संध्याकाळी पाचपर्यंत इथंच. एसटीत मुक्कामाला लिहायची सवय लागली ती सुटत नाही.

आज वाटेतल्या वाडीच्या थांब्यावर कचरूची पोरगी चढली ती तणतणत. सत्यभामा. बारावीला आहे. गाव आणि वाडी मिळून बारावीच्या सात पोरी आहेत, त्यांतली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तिखट हीच. दारातूनच म्हणाली, 'मामा, तुमची गाडी लगनाची हाय का कॉलेजाची, एकदा काय ते सांगा. परवा मी चालत गेल्ते वाटूरला. तास बुडाला.'

मी म्हणालो, 'माझ्या हातात आहे का?'

'मंग कोणाच्या हातात हाय? स्टेरिंग तर तुम्हीच धरता!'

सगळी गाडी हसली. मला राग आला. तिचा नाही. ती खरं बोलली त्याचा.

मग ती माझ्यामागच्या सीटवर बसून घोकत राहिली. बारावी झाली की डी.एड. करायचं म्हणते. मास्तरीण व्हायचं. वाडीच्या शाळेत एक मास्तर आणि चार वर्ग आहेत. तो एकाच वर्गाला शिकवतो आणि बाकीच्या तिघांना गप्प बसवतो. 'मी आले की दोन वर्ग गप्प बसतील, दोन शिकतील,' म्हणाली. हिशोब बरोबर आहे पोरीचा.

परीक्षा सात मार्चपासून.

२९ जानेवारी, सोमवार

कमिटीची बैठक झाली. मारुतीच्या पारावरच.

मी म्हणालो, लग्नाला गाडी लावायची वरदी बंद करा, निदान रोजच्या फेरीच्या दिवशी तरी. ही गाडी माणसं कॉलेजात, दवाखान्यात, बाजारात न्यायला घेतली होती.

काकासाहेब अध्यक्ष. वर्गणी त्यांची सगळ्यात मोठी, आवाजही तेवढाच. म्हणाले, 'रखमाजी, शब्द गावानं दिलाय. आणि बोलला कोण व्हता? तुम्हीच ना?' पुन्हा सगळे हसले. या गावाला हसण्याशिवाय काय येतं?

अमरचंद शेठ म्हणाले, 'बिलकुल बराबर बोलून राह्यले रखमाजी. पण ज्यांची लगनं झाली त्यांची झाली, न झालेल्यांनी काय गुन्हा केला?' यांच्या घरचं लग्न अकरा दिवसांपूर्वी उरकलं, त्यामुळं मन फार मोठं झालं आहे!

वरदीची वही काढली. एप्रिलपर्यंत एकतीस लग्नं. त्यांतली नऊ परीक्षेच्या दिवसांत. मी विचारलं, पोरी पेपरला कशा जाणार? एक जण म्हणाला, 'जातील कशाबी. आधी काय गाडी व्हती का?' आधी पोरीही जात नव्हत्या, मूर्खा! हे मी तिथं बोललो नाही. इथं लिहितो.

काकासाहेबांचा बद्रीनाथ बैठकीत मागं बसून माझ्या गाडीचा हॉर्न तोंडानं वाजवत होता. पंचविशीचा घोडा. ट्रॅक्टर चालवतो म्हणून स्वतःला ड्रायव्हर समजतो. वऱ्हाड असलं की हा कॅबिनमध्ये, टेपच्या कॅसेटी बदलत. 'मामा, एकदा स्टेरिंग द्या ना.' लायसन काढलंय म्हणे मोठ्या गाडीचं. दगड आहे नुसता.

४ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

एकच तिथी, दोन लग्नं. एक मंठ्याकडं, एक अंबडकडं. दोघांचीही वर्गणी, दोघांचाही हक्क. काकासाहेबांनी तोड काढली: आधी साहेबरावांचं वऱ्हाड मंठ्याला सोडायचं, परत येऊन धर्मराजाचं अंबडकडं. जणू गाडी म्हणजे गावातली पिठाची गिरणी, एकाचं झालं की दुसऱ्याचं!

मंठ्याच्या लोकांनी गाडी सोडलीच नाही. नवरदेव उतरेना. पायाखाली पायघड्या आल्या नाहीत म्हणून रुसला. मग मारुतीला गेला, पाया पडायला. गाडीतूनच! मी हॉर्न वाजवला तर तिकडचे लोक म्हणाले, ड्रायव्हरला मान कळत नाही. गावात परत आलो तेव्हा साडेबारा वाजले. धर्मराजाच्या पोराचा मुहूर्त बारा सतराचा! नवरदेव अंगणात मुंडावळ्या बांधून घामाघूम. त्याच्या मामानं माझी गचांडी धरली. माझी! साठीच्या माणसाची!

पोराचं लग्न शेवटी तीनला लागलं. आज टोपी नाही, टॉवेल नाही. बरंच झालं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

वऱ्हाड. रेडिएटर उकळला. लिहिण्यासारखं काही नाही, शिव्या आहेत फक्त.

१२ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवसांनी परतूरची फेरी. वाडीला थांबलो. सत्यभामा नव्हती. दोन मिनिटं थांबून निघालो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. बाकीच्या सहा पोरींना विचारलं तर एकमेकींकडं बघतात आणि खिडकीबाहेर बघतात.

संध्याकाळी परतताना वाटूरला कचरू दिसला, कापडाच्या दुकानातून निघताना. पोरगी का येत नाही विचारलं. म्हणाला, 'घरीच अभ्यास करून राह्यली. गाडीचा काय भरवसा?' आणि झपाट्यानं गेला.

गाडीचा काय भरवसा! एकतीस वर्षांत मी गाडी कधी चुकवली नाही. आणि आता एक शेतकरी मला बाजारात हे ऐकवून जातो, आणि मी खाली मान घालून ऐकतो. कारण खरं आहे. लग्नांच्या पायी त्या पोरीनं गाडीची आशा सोडली. हे पाप माझ्या त्या एका वाक्याचं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

गाडी बंद केली! चावी माझ्या करदोट्याला आणि मी घरी बाजेवर.

सकाळी शिंदेवाडीला वऱ्हाड होतं. त्यांचे लोक आठला आले. मी म्हणालो, परीक्षेच्या दिवसांत वरदी घेणार नाही असं कमिटीनं म्हणावं, मग चावी. शिव्या दिल्या त्यांनी. दिल्या तर दिल्या. त्यांनी तीन जीपा केल्या आणि गेले. लग्न काही थांबलं नाही. मग इतके दिवस माझी गाडीच कशाला लागत होती?

उषाबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, 'च्या देऊ का उपासच करून राह्यले?'

दुपारी काकासाहेब स्वतः घरी आले. मला वाटलं भांडण. पण बाजेवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, 'तुमचं बराबर हाय रखमाजी. आजपास्नं पेपर संपूस्तर एकबी वरदी न्हाई. मी गावाला सांगतो.' मग म्हणाले, 'फक्त तीन तारखेचं आमच्या बद्रीचं लगन तेवढं न्या. रविवार हाय. पेपर न्हाई. परतूरलाच कार्यालय हाय.'

मी लगेच हो म्हणालो. का नाही म्हणू? माणूस दिलदार निघाला. त्यांच्या मागं मी काय काय बोललो होतो ते आठवून जरा लाजही वाटली.

संध्याकाळी उषाबाईला विचारलं, बद्रीची बायको कुठली? 'वाटूरकडची हाय म्हणं,' म्हणाली, आणि भाकरी उलटायला लागली.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आठ दिवस झाले, गाडी रोज जाते आहे. साडेसात म्हणजे साडेसात. सहाही पोरी येतात. सातवी नाही. परवा वाडीच्या थांब्यावर तिची आई नंदाबाई उभी होती, तिला ओरडून सांगितलं, 'आता गाडी पक्की आहे! सत्यभामेला सांगा, सात तारखेला पेपरला न्यायला येतो!' तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, ऊन लागतं आहे.

३ मार्च, रविवार

मीच नेलं वऱ्हाड. मीच.

४ मार्च, सोमवार

काल लिहवलं नाही. आज लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

कार्यालयात वऱ्हाड उतरवलं, गाडी सावलीला लावली. मी लग्न कधी बघत नाही, गाडीतच बसतो. काल काकासाहेबांनी हाताला धरून आत नेलं. 'आज तुम्ही पाव्हणे,' म्हणाले. अक्षता हातात दिल्या. अंतरपाट धरलेला. इकडं बद्रीनाथ. तिकडं बाशिंग बांधलेली, खाली मान घातलेली नवरी. बाजूला कचरू उभा, पटका बांधून. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! मला वाटलं पाहुणा असेल. अंतरपाट दूर झाला आणि पोरीनं वर बघितलं.

सत्यभामा.

अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या.

कचरूला मांडवातच गाठलं. म्हणाला, 'चालून आलेलं ठिकाण. त्यांच्या बांधाला आमचा बांध. पोरीला अठरा भरली. मी काय न्हाई म्हणू का?' मी म्हणालो, चार दिवसांवर परीक्षा आहे. 'मला म्हाईत हाय,' म्हणाला. एवढंच. डोळे वर केले नाहीत.

आता कळलं काकासाहेब एवढे दिलदार का झाले ते. पोरींची परीक्षा वाचवतो म्हणून मी मिशीवर ताव देत होतो, आणि त्यांतलीच एक पोरगी उचलून त्यांच्या दारात टाकायला माझीच गाडी, मीच ड्रायव्हर! आणि मी त्याला हसत हो म्हणालो. कुणाची मुलगी, एवढंसुद्धा विचारलं नाही.

परत येताना नवरीला माझ्यामागच्या सीटवर बसवली. तिचीच रोजची जागा. शेजारी तिची सासू झुंबरबाई. वाडी आली, तिचं घर रस्त्यावरून दिसलं, बाया रडायला लागल्या. ही रडली नाही. वाडी मागं पडल्यावर स्पष्ट आवाजात म्हणाली, 'मामा, गुरुवारी गाडी कितीला हाय?'

झुंबरबाई हसून म्हणाली, 'आता तुला कशाची गाडी, पोरी? आता घर बघायचं.'

मी आरशात बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, 'साडेसातला.'

घरी येऊन उषाबाईवर ओरडलो. तुला माहीत होतं! तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'व्हतं. सांगितलं असतं तर काय केलं असतं? गाडी नसती नेली. त्यांनी जीपा केल्या असत्या. लगन थांबलं असतं का?'

नसतं. शिंदेवाडीचं तरी कुठं थांबलं? हेच तर जळतं आहे.

५ मार्च, मंगळवार

होळी. काकासाहेबांच्या घरी गेलो. पाया पडायचं बाकी ठेवलं. सहा पेपर आहेत, सहा दिवस. नेतो आणि संध्याकाळी दारात आणून सोडतो.

'रखमाजी, लगन झालं. आता परीक्षा कशाची? आमच्या घरात काय कमी हाय म्हणून सुनेनं नोकरी करायची? उद्या सत्यनारायण हाय, प्रसादाला या.'

बद्रीनाथ ओट्यावर बसला होता. त्याच्याकडं बघून म्हणालो, 'तुझी बायको आहे, तू तरी बोल.' तो पायाच्या नखाकडं बघत बसला. म्हटलं ना, दगड. बापासमोर तोंडातून वाफ निघत नाही आणि म्हणे स्टेरिंग द्या!

गावात कुणाला काही वाटत नाही. पुरणपोळ्या खाऊन सगळे सुस्त. मी जेवलो नाही.

६ मार्च, बुधवार

उषाबाई सकाळपासून घरात नव्हती. धुळवड म्हणून गाडी बंद. दुपारी उन्हाची चालत आली, पायांवर धूळ. म्हणाली, वाडीला जाऊन आले.

मग बसली आणि बोलायला लागली. मी आयुष्यभर गाडी हाकली, ही घरात बसली, आणि अक्कल मात्र हिच्याकडं.

'पूजा आज झाली. उद्यापास्नं माह्यारचा मुराळी पोरीला न्यायला येऊ शकतो. पयली मांडवपरतणी हाय. सून पाच दिवस माह्यारी जाणारच, त्यांना न्हाई म्हणता यायचं न्हाई. शिदोरी घेऊन आलेल्या मुराळ्याला कोणी रिकामं धाडत न्हाई.'

मी म्हणालो, तिला भाऊ कुठं आहे? कचरू काय त्यांच्या दारात जायचा नाही.

'मुराळी भाऊच लागतो का? चुलता जातो, मामा जातो. ती तुम्हाला काय म्हणती?'

'मामा,' मी म्हणालो.

'मंग!'

कचरू म्हणे मान खाली घालून बसला होता. हो नाही आणि नाहीही नाही. पण नंदाबाई म्हणाली, 'शिदोरी मी बांधते. कोणी बोललं तर माझ्या नावानं बोलू द्या.' उद्या सकाळी आधी वाडीला गाडी नेऊन शिदोरी घ्यायची, मग उलट गावात. सातला निघालो तर जमतं.

७ मार्च, गुरुवार

लिंबाखाली. बारा वाजले आहेत. राग अजून उतरलेला नाही.

साडेसातला गाडी काकासाहेबांच्या दारात लावली. आत सहा पोरी, बाकी नेहमीची माणसं. मी टोपी घातली, शिदोरीचं फडकं हातात घेतलं आणि खाली उतरलो. काकासाहेब ओट्यावर दात घासत होते. म्हणालो, 'मुराळी म्हणून आलोय. सत्यभामेला पाच दिवस माहेरी न्यायला.'

त्यांनी चूळ टाकली. गाडीकडं बघितलं, पोरींकडं बघितलं. सगळं समजलं त्यांना. 'मुराळी? आज? गाडी घेऊन?'

'नंदाबाईचा निरोप आहे. ही शिदोरी.'

गल्लीतल्या बाया दारादारांत आल्या. शिदोरी सगळ्यांना दिसत होती. काकासाहेब लाल झाले, पण बोलता येईना. तेवढ्यात झुंबरबाई बाहेर आली. गोड हसली. 'या की, बसा. मुराळ्याला उपाशी लावला म्हणतील लोकं.'

आणि मला बसवलं! मुराळ्याचा मान! आधी पाणी. मग चहा. मग म्हणे भजी तळते. मग म्हणे शिऱ्याला तूप कढवते. मी म्हणालो, नको. 'असं कसं? सोयरिकीची रीत हाय.' माझीच रीत माझ्या गळ्यात! आठ वाजले. सव्वाआठ. बाहेर गाडीत पोरी खिडक्यांतून डोकावत होत्या. पेपर अकराला, साडेदहाला आत पाहिजे, आणि गाडीला दीड तास. मी शिरा गिळत होतो आणि ती वाढत होती. असला संताप मला जन्मात आला नाही. ताट भिंतीवर मारावंसं वाटलं. पण मुराळ्यानं ताट सोडलं तर पोरगी मिळत नाही.

आठ पंचावन्नला ताट चाटूनपुसून उठलो. 'पोट भरलं वहिनी. आता पोरगी.'

ती दाराआड तयारच होती. हिरवा चुडा, कपाळभर मळवट, हातात कापडाची पिशवी. पिशवी बघून झुंबरबाई म्हणाली, 'माह्यारी जायला पुस्तकं कशाला?' सत्यभामा म्हणाली, 'माझीच हायेत, परत न्हेते,' आणि गाडीत चढली.

मग मी गाडी चालवली. रस्ता खराब आहे, गाडी म्हातारी आहे, तरी चालवली. दहा वाजून वीस मिनिटांनी परतूर. ती उतरताना म्हणाली, 'मामा, इंग्रजी हाय आज. शिरा जड झाला असंल तुम्हाला, जरा पडा.' आणि पळाली.

हसू आलं मला. मग पुन्हा राग आला. एका पोरीला पेपरला बसवायला आख्ख्या गावाशी कपट करावं लागतं!

८ मार्च, शुक्रवार

काकासाहेबांनी बैठक बोलावली. चावी मागितली. 'आमच्या दारात येऊन आम्हालाच फशिवलं. गावाची गाडी अशा माणसाच्या हातात न्हाई ठेवायची.'

मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. ज्यांच्या पोरी रोज नेतो ते बाप तिथंच बसले होते. एक जण बोलला नाही. अमरचंद शेठ म्हणाले, 'रखमाजी, गलत तर झालंच ना.' काय गलत झालं? सांगा की!

चावी टाकली त्यांच्या पुढ्यात. उचलली कुणी? बद्रीनाथनं. उद्यापासून गाडी तो चालवणार. बापानं ठरवलं. परीक्षेच्या फेऱ्या होतील, शब्द दिला आहे, पण वाडीला गाडी थांबायची गरज नाही, असं काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. 'वाडीचं कोणी हाय का आता परीक्षेला?' बद्रीनाथ नेहमीसारखाच नखं बघत होता.

घरी आलो. उषाबाईनं चहा ठेवला.

११ मार्च, सोमवार

दुसरा पेपर. गाडी साडेसातला गेली. मी घरातून आवाज ऐकला. दुसरा गिअर टाकताना घासतो, गाढव. एकतीस वर्षांत पहिल्यांदा गाडी गेली आणि मी घरात.

वाडीपर्यंत चालत जाऊन बघावं वाटलं. गेलो नाही. तिथं ती रस्त्यावर उभी असेल आणि गाडी धूळ उडवत पुढं गेली असेल, हे डोळ्यांनी बघवलं नसतं.

१२ मार्च, मंगळवार

पाच दिवस भरले. बद्रीनाथ ट्रॅक्टर घेऊन बायकोला परत घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी दिसले. मी मान फिरवली.

म्हणजे संपलं. आता दुसरी मांडवपरतणी नसते.

१४ मार्च, गुरुवार

तिसरा पेपर. सातपासून पारावर बसलो होतो. कशाला, ते माहीत नाही. गाडी काकासाहेबांच्या दारात उभी, पोरी आत, बद्रीनाथ स्टेरिंगवर. साडेसात झाले. गाडी हलेना. सात चाळीस. काकासाहेब ओट्यावरून ओरडले, 'बद्री, काय खोळंबा हाय? काढ ना जल्दी!'

बद्रीनाथनं इंजिन बंद केलं. खाली मान घालूनच म्हणाला, 'एक सीट यायचं राह्यलंय, अण्णा. तुमच्याच घरातलं. सोमवारी वाडीहून नेल्तं, आज इथून न्यायचंय. ते आल्याबगर गाडी न्हाई निघायची.'